टर्बोचा ऑइल पाइप धुऊन परत बसवावा का?

कोरेगावच्या एका गाडीमालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची 2013 सालची, 1.3 लिटर डिझेल इंजिनाची गाडी सुमारे 1,40,000 किलोमीटर चालली आहे. घाट चढून गेल्यावर बोनेटमधून जळक्या ऑइलचा वास येतो, टर्बोच्या खालची बाजू ओली दिसते आणि दोन सर्व्हिसच्या मध्ये अर्धा-पाऊण लिटर ऑइल कमी होते. मात्र निळा धूर नाही आणि गाडीचा पिकअप पूर्वीसारखाच आहे. एका मेकॅनिकने टर्बो गेला असे सांगून तो बदलायला सुचवले. दुसऱ्याचे म्हणणे असे की, टर्बोला ऑइल पुरवणारा पाइप काढू, डिझेलने धुऊ, हवा मारू आणि परत बसवू. यांपैकी कोणाचे ऐकावे आणि पाइपाचे काम घरी करता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

माझ्या मते दोन्ही सल्ले बाजूला ठेवावेत. सांगितलेल्या लक्षणांत टर्बो निकामी झाल्याची एकही ठाम खूण नाही, त्यामुळे एवढा मोठा खर्च करण्याची घाई नको. आणि दोष खरोखर पाइपात असेल, तर तो पाइप धुऊन वापरण्याजोगा राहिलेला नसतो. तो नवाच घ्यावा लागतो. मात्र नवा पाइप आणण्याआधी ऑइल नेमके कोठून येते हे पाहिले पाहिजे, कारण टर्बोच्या आसपास ऑइल दिसण्याची निदान चार-पाच कारणे असतात आणि त्यांतली काही पाइप बदलून मुळीच दूर होत नाहीत.

पाइपाचे काम नीट समजले की बाकीचे आपोआप उलगडते. टर्बोचे एक चाक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक इंजिनात हवा दाबून भरते. लहान डिझेल गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरू शकतो. दांडा आणि त्याभोवतीच्या बुश, म्हणजे बेअरिंग, यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच फट असते, आणि त्या फटीत दाबाने सतत येणारे ऑइल दांड्याला अक्षरशः तरंगत ठेवते. अशा बहुतेक टर्बोंना पाण्याने थंड होण्याची सोय नसल्यामुळे उष्णता वाहून नेण्याचे कामही ऑइलवरच पडते. हे ऑइल इंजिनाच्या पंपाच्या दाबाने वरच्या बारीक पाइपातून येते. बेअरिंगमधून बाहेर पडल्यावर मात्र त्याला दाब उरत नाही, ते फेसाळलेले असते आणि केवळ उताराने खालच्या जाड पाइपातून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यात, पडते.

वरचा पाइप बारीक आणि खालचा जाड असण्याचे कारण हेच आहे, आणि दोन्ही पाइपांच्या दोषांची लक्षणे वेगवेगळी असण्याचे कारणही हेच आहे. वरच्या पाइपाचा जोड सैल झाला किंवा पाइपाला चीर गेली, तर ऑइल बाहेर येते, वास येतो, पातळी कमी होते, पण धूर निघत नाही. वरचा पाइप आतून बुजत आला, तर बाहेर काहीच दिसत नाही. टर्बो मुकाट्याने कोरडा चालत राहतो आणि शिट्टीचा किंवा घासल्याचा आवाज येईपर्यंत बेअरिंग गेलेले असते. खालचा पाइप तुंबला, तर टर्बो पूर्ण चांगला असूनही ऑइल त्याच्या सीलमधून सायलेन्सरकडे किंवा हवेच्या बाजूला सरकते आणि निळा धूर दिसू लागतो. कोरेगावच्या गाडीची लक्षणे पहिल्या प्रकारात बसतात.

पाइप बुजतो कसा, हे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या वाहनचालकांनी विशेष समजून घ्यावे असे मला वाटते. पूर्ण भारावर डिझेल इंजिनाचे बाहेर पडणारे वायू 700 अंश सेल्सिअसच्या पुढे जातात. वाईहून पसरणीचा घाट चढताना गाडी थोड्याच अंतरात साडेपाचशे मीटरहून अधिक उंची गाठते आणि या सर्व वेळात टर्बो जवळजवळ पूर्ण जोराने काम करत असतो. शिवाय वर हवा विरळ होत जात असल्यामुळे तेवढाच दाब देण्यासाठी त्याला अधिक वेगाने फिरावे लागते. घाटमाथ्यावर पोहोचताच दरीकडे तोंड करून गाडी लावली आणि त्याच क्षणी चावी फिरवली, की ऑइलचा पंप थांबतो. तापलेल्या मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनातून तप्त वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांची, उष्णता मात्र थांबत नाही. ती टर्बोच्या मधल्या भागात आणि पाइपाच्या वरच्या टोकात शिरते आणि तिथे अडकलेले चमचाभर ऑइल भाजून त्याचा काळा, कडक थर तयार होतो. यवतेश्वरमार्गे कासला जाणाऱ्यांचे आणि महामार्गावर वेगाने येऊन थेट ढाब्यासमोर गाडी बंद करणाऱ्यांचेही असेच होते. एकदा असे केल्याने काही बिघडत नाही. वर्षानुवर्षे तसे होत राहिले आणि ऑइलही उशिरा बदलले, तर काही मिलिमीटरच्या पोकळीत किती जागा उरेल याचा विचार करावा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण काही मंडळी गावातल्या बाजारातून आल्यावरही दारात पाच मिनिटे इंजिन चालू ठेवतात. त्याची काही गरज नाही. घाट उतरून आलेल्या गाडीचा टर्बो आधीच निवलेला असतो. गावातल्या संथ चालीतही तो फारसा तापत नाही. चढ संपल्यावर किंवा महामार्गावरच्या लांब, वेगवान पल्ल्यानंतर मात्र एक-दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवावे, किंवा त्याहून बरे म्हणजे शेवटचा एखादा किलोमीटर गाडी हळू न्यावी.

आता गळती शोधण्याकडे वळू. इंजिन थंड असताना टर्बो, दोन्ही पाइप, ब्लॉकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाची, ती बाजू आणि वरचे झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, डिग्रीझर आणि ब्रशने स्वच्छ करावे, हवेने कोरडे करावे आणि संशयित जोडांच्या खालच्या बाजूस साधी टाल्कम पावडर हलकेच फुंकावी. मग गाडी पंधरा-वीस किलोमीटर, शक्यतो थोड्या चढावर चालवून आणावी आणि टॉर्च व छोटा आरसा घेऊन पाहावे. पाहताना सर्वांत खालचा थेंब शोधू नये, सर्वांत वरचा ओला बिंदू शोधावा. ऑइल खाली ओघळते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरते, म्हणून खालची ओल नेहमी फसवते. टॅपेट कव्हरचे पॅकिंग गळून ऑइल टर्बोवर टपकणे आणि दोष टर्बोच्या माथी येणे, हे प्रकार वर्कशॉपमध्ये वारंवार दिसतात. व्हॅक्यूम पंपाच्या जोडाचेही तसेच आहे. टर्बोकडून इंटरकूलरला, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीला, जाणाऱ्या रबरी पाइपाच्या आत ऑइलचा पातळ थर दिसला म्हणून घाबरू नये, कारण इंजिनाच्या ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरमधला वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेतून, येणारी वाफ त्याच वाटेने जाते. पाइप उलटा केल्यावर ऑइलची धार लागली, तर मात्र गोष्ट वेगळी.

टर्बोची स्वतःची तपासणी त्याच वेळी उरकून घ्यावी. हवेच्या बाजूचा रबरी पाइप काढून चाकाच्या मध्यभागी असलेली नटाची टोपी दोन बोटांत धरावी. वर-खाली किंचित हालचाल जाणवली तर ती दोष नव्हे, कारण इंजिन बंद असताना ऑइलची फट रिकामी असते. तरीही चाकाची पाती भोवतीच्या घराला टेकता कामा नयेत. मागे-पुढे, म्हणजे दांड्याच्या लांबीच्या दिशेने, हाताला जाणवेल अशी हालचाल जवळजवळ नसावी. पात्यांच्या कडा शाबूत असाव्यात आणि चाक बोटाने गुळगुळीत फिरावे. एवढे सगळे ठीक असेल आणि निळा धूर नसेल, तर टर्बो बदलण्याचे कारण मला दिसत नाही. जो मेकॅनिक ही दोन मिनिटांची तपासणी न करता टर्बो बदलायला सांगतो, त्याच्याकडे ती आग्रहाने मागावी.

वरच्या पाइपाचाच दोष निघाला, तर तो धुऊन का चालत नाही याचे उत्तर त्या काळ्या थरात आहे. तो डिझेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये विरघळत नाही. हवा मारल्यावर पाइपातून हवा आरपार जाते, त्यामुळे पाइप मोकळा झाला असे वाटते; पण हवा जाणे आणि थंडीच्या सकाळी घट्ट ऑइल पुरेशा प्रमाणात जाणे यांत मोठा फरक आहे. तार घालून खरवडले तर अधिकच वाईट, कारण सैल झालेल्या खपल्या नंतर ऑइलबरोबर थेट बेअरिंगच्या त्या बारीक फटीत जातात. नवा टर्बो बसवून काही महिन्यांत पुन्हा गेला, अशा तक्रारींच्या मुळाशी जुना पाइप तसाच ठेवलेला असणे हे एक नेहमीचे कारण असते. म्हणून टर्बो बदलताना हा पाइप नवाच घालावा, असे टर्बो बनवणारे आणि दुरुस्त करणारे दोघेही सांगतात, आणि त्यात माल खपवण्याचा हेतू नसतो. पाइपाची किंमत टर्बोच्या मानाने अगदीच किरकोळ असते. काही इंजिनांमध्ये या पाइपाच्या पोकळ बोल्टातच एक बारीक जाळी असते. ती असेल तर बोल्टही पाइपाबरोबर नवा घ्यावा, कारण सर्वांत आधी तीच बुजते.

पाइप मूळ कंपनीचा किंवा त्याच इंजिनासाठी बनवलेल्या नावाजलेल्या ब्रँडचाच असावा. हे 1.3 लिटरचे इंजिन मुळात फियाटचे असून मारुती आणि टाटा यांच्या अनेक गाड्यांमध्ये बसवले गेले, त्यामुळे सुटे भाग साताऱ्यात सहज मिळतात. मात्र 75 आणि 90 अश्वशक्तीच्या इंजिनांचे टर्बो वेगळे असल्यामुळे दुकानात केवळ गाडीचे नाव सांगून भागत नाही, चॅसी नंबर द्यावा. आपल्याकडे आणखी एक सवय आहे, ती म्हणजे ट्रॅक्टर आणि जेसीबीचे हायड्रॉलिक होज बनवणाऱ्याकडून तेवढ्याच लांबीचा रबरी पाइप क्रिंप करून घेणे. तो होज दाबाला पुरून उरतो, यात शंका नाही, पण मॅनिफोल्डपासून वितभर अंतरावरच्या उष्णतेला त्याचे रबर टिकत नाही. ते कडक होते, तडकते आणि दाबाचे ऑइल तप्त लोखंडावर उडते. तांब्याची नळी वाकवून बनवलेला पाइपही नको, कारण सततच्या थरथरीने तांबे कडक होऊन जोडाजवळ तुटते. तप्त मॅनिफोल्डवर ऑइल उडणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे, त्यामुळे या बाबतीत काटकसर करू नये. आणि म्हणूनच गळती वाढली असेल, तर काम होईपर्यंत घाटाचा प्रवास टाळावा.

प्रत्यक्ष कामाला लागण्याआधी गाडी किमान रात्रभर थंड होऊ द्यावी आणि आदल्या संध्याकाळीच टर्बोकडच्या बोल्टावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा. सकाळी बॅटरीची ऋण बाजू सोडावी, वरचे प्लास्टिक कव्हर, आड येणारे हवेचे पाइप आणि मॅनिफोल्डवरचा पत्रा, म्हणजे हीट शील्ड, काढावे. या पत्र्याचे बोल्ट अनेकदा गंजून गोल झालेले असतात आणि तुटतात. घाई न करता, गरज पडल्यास पुन्हा स्प्रे मारून आणि थोडे मागे-पुढे करत ते सोडवावेत. पत्रा परत बसवणे अत्यावश्यक आहे. कित्येक गाड्यांमध्ये आधीच्या कोणीतरी तो कटकट नको म्हणून काढून टाकलेला आढळतो, आणि मग पाइप पूर्वीपेक्षा लवकर भाजतो.

पाइप सोडण्याआधी दोन्ही जोडांभोवतीची जागा पुन्हा एकदा स्वच्छ करावी. हे सांगणे अनावश्यक वाटेल, पण उसाच्या हंगामात रस्त्यावरची धूळ आणि भुसा ज्या प्रमाणात इंजिनावर बसतो, तो पाहता एक चिमूटभर मातीही टर्बोच्या उघड्या तोंडात जाणे परवडणारे नाही. दोन्ही टोकांना सहसा बँजो बोल्ट असतात, म्हणजे आतून पोकळ आणि बाजूला भोक असलेले बोल्ट, आणि पाइपाच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर असते. काही गाड्यांत ब्लॉककडे साधा नट असतो. बोल्टाला सहा कोनांचा सॉकेट लावावा. बारा कोनांचा सॉकेट आणि उघड्या तोंडाचा पाना दोन्ही कडा मोडतात. बोल्ट पोकळ असल्यामुळे नाजूक असतो, म्हणून लांब दांडा लावून झटका देऊ नये. मध्ये कुठेतरी पाइपाला धरून ठेवणारी क्लिप किंवा ब्रॅकेट असते. ती आधी सोडावी, नाहीतर पाइप वळतो आणि जोडावर ताण येतो. पाइप निघताच टर्बोचे आणि ब्लॉकचे तोंड स्वच्छ प्लास्टिकच्या बुचाने झाकावे. कापसाचे बोळे किंवा सुटे धागे असलेले फडके वापरू नये.

इथे एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण काम झाल्यावरही गळती राहण्यामागे हीच सर्वांत मोठी चूक असते. जुने वॉशर अनेकदा टर्बोच्या किंवा ब्लॉकच्या पृष्ठभागाला इतके चिकटून बसते की, ते त्याच धातूचा भाग असल्यासारखे दिसते. त्यावर नवे वॉशर ठेवले, की एकावर एक दोन वॉशर होतात, बोल्ट पुरेसा आवळूनही जोड बसत नाही, आणि मग माणूस आणखी जोर लावतो आणि पोकळ बोल्ट मोडतो. म्हणून काढलेली वॉशर मोजावीत, नखाने कडा चाचपून पाहावी आणि चिकटलेले वॉशर प्लास्टिकच्या किंवा मऊ पितळेच्या पट्टीने अलगद उचलावे. स्क्रू ड्रायव्हरने पृष्ठभागावर ओरखडा आला, तर तोच पुढे गळतीचा मार्ग बनतो. नवी वॉशर मूळच्याच धातूची, व्यासाची आणि जाडीची असावीत. तांब्याचे जुने वॉशर लालबुंद तापवून मऊ करून परत वापरता येते हे खरे आहे, आणि शेतात अडलेल्या ट्रॅक्टरला तो उपाय योग्यही आहे. टर्बोच्या जोडाला, जिथे दोन-चार रुपयांचा प्रश्न आहे, तिथे त्याचा विचारही करू नये. सिलिकॉनचा लगदा आणि टेफ्लॉन टेप या जोडांवर पूर्णपणे वर्ज्य आहेत. आवळताना आत दबलेला सिलिकॉनचा तुकडा सुटून पाइपात जातो, आणि ज्या रोगासाठी पाइप बदलला तोच रोग आपण हाताने लावून घेतो.

नवा पाइप जुन्याच्या शेजारी ठेवून त्याचे वळण, डोळ्यांचा कोन आणि ब्रॅकेटची जागा जुळते का ते पाहावे, आणि दोन्ही टोकांची वाहतुकीसाठी लावलेली प्लास्टिकची टोपी काढली आहे याची खात्री करावी. पाइप बसवण्याआधी टर्बोच्या तोंडात स्वच्छ नवे इंजिन ऑइल सिरिंजने हळूहळू सोडावे आणि हवेच्या बाजूचे चाक बोटाने काही फेऱ्या फिरवावे, म्हणजे बेअरिंग ओले होते. मग दोन्ही बँजो बोल्ट आणि ब्रॅकेटचा स्क्रू हाताने, पान्याशिवाय, आट्यांत सरळ गेले आहेत असे पाहून लावावेत. एक टोक पक्के आवळून दुसऱ्या टोकाला पाइप ओढून आणणे ही पाइपाला चीर जाण्याची सुरुवात असते. तिन्ही जागा हाताने बसल्यावरच बोल्ट आवळावेत, आणि तेही त्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनुसार, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोरानुसार. इंजिनागणिक हा आकडा बदलतो, म्हणून मी येथे एकच आकडा देत नाही. लहान मापाचा टॉर्क रेंच मात्र हवाच, कारण चाके आवळायच्या मोठ्या रेंचला एवढा कमी टॉर्क अचूक मोजता येत नाही. शेवटी पाइप मॅनिफोल्डला, पत्र्याला किंवा दुसऱ्या एखाद्या नळीला टेकत नाही ना, हे बोट फिरवून पाहावे.

आता ज्या टप्प्यावर बहुतेक जण घाई करतात तो येतो. पाइप रिकामा आहे, ऑइल फिल्टर बदलला असेल तर तोही रिकामा आहे, आणि अशा वेळी सरळ इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर दाबला, तर पहिल्या काही सेकंदांत टर्बो कोरडा फिरतो. म्हणून डिझेलचा पुरवठा बंद ठेवून, म्हणजे फ्युएल पंपाचा रिले किंवा इंजेक्टरचे कनेक्टर काढून, सेल्फ दहा-दहा सेकंद मारावा, मध्ये स्टार्टरला थोडी विश्रांती द्यावी, आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत असे करावे. कनेक्टर काढल्यामुळे इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तर तो स्कॅनरने घालवता येतो, त्याची चिंता नको. त्यानंतर सर्व जोडून इंजिन चालू करावे आणि तीन ते पाच मिनिटे संथ चालू द्यावे, या वेळात ॲक्सिलरेटरला हात लावू नये. टॉर्च आणि आरसा घेऊन दोन्ही जोड पाहावेत. पंखा आणि पट्ट्यापासून हात आणि बाह्या दूर ठेवाव्यात. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिकवर पातळी पाहून कमी असेल तेवढे ऑइल भरावे. या इंजिनाच्या चेंबरमध्ये ऑइल जेमतेम तीन लिटरच्या आसपास मावते, त्यामुळे पाऊण लिटर कमी म्हणजे चौथा हिस्सा गेला, असे समजावे.

पाइपाबरोबर ऑइल आणि फिल्टर बदलणे मी कामाचाच भाग मानतो. ऑइलचा ग्रेड आणि दर्जा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असेल तोच घ्यावा. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल, तर कमी राखेचे ऑइल लागते आणि साध्या ट्रकच्या ऑइलने तो फिल्टर लवकर भरतो. 2013 च्या गाडीला तो प्रश्न सहसा नाही. ऑइल फिल्टर स्वस्तातला घेऊ नये, कारण टर्बोकडे जाणारे ऑइल त्यातूनच गाळून जाते. बदलण्याची मुदत पुस्तिकेत 10,000 किलोमीटर असली, तरी जी गाडी आठवड्यातून दोन-तीनदा पाचगणी किंवा महाबळेश्वर चढते, तिला 7,500 किलोमीटरलाच ऑइल द्यावे, असे माझे मत आहे. चेंबरमध्ये गाळ जमला असेल, तर दुकानात मिळणारे इंजिन फ्लश टाकण्याचा मोह आवरावा. ते जुना गाळ एकाच वेळी सोडवते आणि तो पंपाच्या जाळीवर आणि त्याच बारीक पाइपाच्या तोंडावर जाऊन बसतो. त्यापेक्षा चांगले ऑइल भरून हजार-दीड हजार किलोमीटरनी एकदा लवकर बदलणे अधिक सुरक्षित.

खालच्या पाइपाकडे आणि ब्रीदरकडे या निमित्ताने नजर टाकावी. खालचा पाइप चेपलेला, वळलेला किंवा आतून गाळाने भरलेला नसावा आणि त्याचे पॅकिंग नवे असावे. ब्रीदर तुंबला, तर चेंबरमध्ये दाब साठतो आणि टर्बोतून उताराने येणाऱ्या ऑइलची वाट अडते. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण सैल केल्यावर ते जोराने उडत असेल किंवा धुराचे लोट येत असतील, तर दोष टर्बोत नसून इंजिनाच्या रिंगांत किंवा ब्रीदरमध्ये आहे, आणि तिथे नवा पाइप काय, नवा टर्बोही उपयोगाचा नाही.

एक धोका सांगून ठेवतो, जरी सध्याच्या लक्षणांत तो दिसत नाही. टर्बोचे सील पूर्ण गेले, तर इंजिन स्वतःचेच ऑइल जाळून बेफाम वेग घेऊ शकते, आणि त्या वेळी चावी बंद करूनही ते थांबत नाही. तसे झाल्यास बोनेटकडे धावू नये. ब्रेक पूर्ण दाबून, गाडी सर्वांत वरच्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडते.

घरी काम करावे का, याचे उत्तर हाताशी काय आहे यावर अवलंबून आहे. लहान टॉर्क रेंच, सहा कोनांचे सॉकेट, बंदिस्त स्वच्छ जागा आणि अर्धा दिवस असेल, पूर्वी ब्रेक किंवा क्लचचे काम स्वतः केलेले असेल आणि टर्बोकडचा बोल्ट वरून दिसत असेल, तर करायला हरकत नाही. बोल्ट इंजिन आणि मागच्या पत्र्याच्या मध्ये दडलेला असेल आणि हात केवळ अंदाजाने पोहोचत असेल, किंवा तो जागेवरून हलायलाच तयार नसेल, तर तिथेच थांबावे. टर्बोच्या बिडाच्या घरात मोडलेला पोकळ बोल्ट काढण्यासाठी टर्बो उतरवून लेथवाल्याकडे न्यावा लागतो, आणि मग वाचवलेली मजुरी कितीतरी पटींनी द्यावी लागते. गाडी बाहेर दिली, तरी वॉशर नवी आणून द्यावीत आणि सेल्फ मारून ऑइल वर चढवले का, हे विचारावे. चांगल्या मेकॅनिकला या विचारण्याचा राग येत नाही.

जुना पाइप मात्र फेकू देऊ नये. त्याचे टर्बोकडचे वितभर टोक हॅक्सॉने उभे चिरून पाहावे. आतून धातू स्वच्छ किंवा केवळ तपकिरी दिसला, तर गळती वॉशरची किंवा बाहेरच्या चिरेची होती आणि काम तेवढ्यावरच संपले. आत काळा, नखाने न निघणारा थर असेल, तर तोच थर टर्बोच्या आतल्या वाटांत आणि चेंबरमधल्या पंपाच्या जाळीवरही असण्याचा दाट संभव आहे. तसे निघाल्यास पुढच्या घाटप्रवासाआधी चेंबर उतरवून जाळी धुऊन घ्यावी आणि चालू इंजिनात ऑइलचा दाब गेज लावून मोजून घ्यावा.